दुचाकीचा हेडलाइट : उजेड किती, आणि कोणाच्या डोळ्यांत?

रात्री दुचाकी चालवणाऱ्याच्या तक्रारी दोनच. माझ्या गाडीचा लाइट पुरत नाही, आणि समोरच्याचा लाइट सहन होत नाही. दोन्ही तक्रारी एकच माणूस करतो, बहुधा एकाच प्रवासात. पहिल्या तक्रारीवर उपाय म्हणून तो बाजारातून जास्त प्रखर बल्ब आणतो, आणि दुसऱ्या कोणाच्या तरी दुसऱ्या तक्रारीचं कारण होतो. हेडलाइटच्या वादाचा पीळ इथेच आहे.

वाद किरकोळ नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. दिवसभरात सर्वाधिक अपघात संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात नोंदले जातात. यातल्या किती अपघातांत दिव्याचा दोष होता हे त्या आकड्यांवरून सांगता येत नाही, आणि जो सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये. पण अंधारात दिसणं आणि दिपणं हा प्रश्न किती जणांचा आहे, याचा अंदाज त्यावरून येतो.

मिणमिणत्या दिव्यापासून एलईडीपर्यंत

ज्यांनी जुनी चेतक किंवा राजदूत चालवली आहे त्यांना सिग्नलला थांबल्यावर पिवळा पडत जाणारा दिवा आठवत असेल. तो दोष बल्बचा नव्हता. बऱ्याच गाड्यांत हेडलाइटचा करंट बॅटरीतून न येता थेट मॅग्नेटोच्या कॉइलमधून यायचा. इंजिन जोरात फिरलं की दिवा जोरात, इंजिन मंदावलं की दिवाही मंद. म्हणजे घाटाच्या वळणावर गिअर पाडून हळू चालवावं, तर नेमका तिथेच उजेड कमी. अलीकडच्या कितीतरी कम्यूटर गाड्यांतही ही थेट कॉइलवरची, म्हणजे एसी पद्धत टिकून होती. बुलेटसारख्या गाड्यांचा हेडलाइट बॅटरीवर चालायचा. त्यांच्या मालकांची तक्रार वेगळी, बॅटरी उतरण्याची.

हॅलोजन बल्ब मोटारींमध्ये १९६२ पासून आला आणि दोन फिलामेंटचा एच४ बल्ब १९७१ मध्ये. दुचाकींना त्याची धाकटी आवृत्ती मिळाली, एचएस१. एच४ बल्ब ६०/५५ वॉटचा, एचएस१ ३५/३५ वॉटचा. फरक नुसत्या वॉटचा नाही. एच४ अप्परला सुमारे १,६५० लुमेन आणि डिप्परला १,००० लुमेन देतो. एचएस१ त्याच्या जवळपास निम्मा, सुमारे ८२५ आणि ५२५. त्याआधीच्या साध्या काचेच्या बल्बचा उजेड एचएस१पेक्षाही कमी. कारला असे दोन दिवे असतात, दुचाकीला एक. आकडे असे मांडले की ‘लाइट पुरत नाही’ या तक्रारीला आधार आहे हे मान्य करावं लागतं.

दिपवण्याची तक्रारही जुनीच आहे. हेडलाइटच्या काचेवर काळा ठिपका किंवा काळी पट्टी रंगवण्याची रीत एके काळी आपल्या शहरांत सर्रास होती. प्रकाशशास्त्राच्या दृष्टीने तो उपाय ओबडधोबडच; त्याने प्रखर भाग झाकला जाई, पण दूरचा उजेडही जाई.

१ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींवर ‘ऑटोमॅटिक हेडलॅम्प ऑन’ सक्तीचा झाला. इंजिन सुरू की दिवा सुरू. बंद करायचं बटणच गेलं. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ते सुरक्षा समितीच्या शिफारशीनंतर हे आलं. यामागचा युक्तिवाद रस्ता दिसण्याचा नव्हता, दुचाकी दिसण्याचा होता. अमेरिकेतल्या १९८१ च्या हर्ट अहवालाने दाखवलं होतं की मोटारसायकलच्या कित्येक अपघातांत समोरच्या चालकाला ती दिसलेलीच नसते. मलेशियाने १९९२ मध्ये दिवसा दिवा लावण्याचा नियम केला, आणि तिथल्या अभ्यासात ‘न दिसल्यामुळे’ होणाऱ्या अपघातांत सुमारे २९ टक्के घट आढळली. आपल्याकडे सुरुवातीची काही वर्षं रस्त्यावरचे भले लोक हाताची बोटं उघडमीट करून ‘दादा, लाइट चालू राहिलाय’ असं सुचवत राहिले. आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं असं की आपल्याकडचं ऊन लख्ख, आणि जिथे दर दुसरं वाहन दुचाकी आहे तिथे सगळ्यांचेच दिवे पेटले तर कोणीच उठून दिसणार नाही. हा आक्षेप खोडून काढणारी किंवा सिद्ध करणारी पाहणी भारतीय रस्त्यांवर व्हायला हवी. मलेशियाचा आकडा किती दिवस उसना वापरायचा?

या नियमाचा एक अप्रत्यक्ष परिणाम मात्र ठसठशीत आहे. दिवा दिवसभर जळणार म्हटल्यावर कंपन्यांना कमी वीज खाणारा दिवा हवा झाला, आणि एलईडी महागड्या गाड्यांतून खाली उतरला. २०१८ च्या ॲक्टिव्हा ५जीला एलईडी हेडलाइट आला तेव्हा तो घराघरांत पोचला असं म्हणायला हरकत नाही.

उजेड घडतो कुठे

पुढचे सगळे वाद समजायला एक बल्ब हातात घेऊन पाहणं पुरेसं आहे. एच४ किंवा एचएस१ बल्बच्या काचेतून आत दोन बारीक फिलामेंट दिसतात. त्यांतल्या पुढच्या, म्हणजे डिप्परच्या फिलामेंटच्या खाली एक छोटी धातूची वाटी असते. सगळी करामत या वाटीत आहे. ती फिलामेंटचा खाली जाणारा उजेड अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर उजेड पडतो आणि तिथून तो खाली रस्त्यावर फेकला जातो. भिंतीवर पाहिलं तर खाली उजेड, वर अंधार आणि मध्ये बऱ्यापैकी स्पष्ट रेघ दिसते, ती या वाटीमुळे. अप्परचं फिलामेंट मागे, रिफ्लेक्टरच्या केंद्राशी बसवलेलं, वाटीशिवाय. म्हणून अप्परचा झोत सरळ आणि लांब.

सारांश, डूममधला, म्हणजे हेडलाइटच्या कवचातला, रिफ्लेक्टर हा त्या विशिष्ट ठिकाणी असलेल्या, मिलिमीटर-दीड मिलिमीटर जाडीच्या फिलामेंटसाठी बनवलेला असतो. उजेडाचा उगम थोडा जरी पुढे-मागे झाला, तरी रेघ पुसट होते आणि उजेड जिथे नको तिथे जातो.

दुसरी गोष्ट विजेची. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताच्या प्रमाणात बदलतो. बारा व्होल्टऐवजी होल्डरपाशी अकराच पोचले, तर उजेड चौथ्या हिश्शाने कमी होतो. दहा वर्षं जुन्या गाडीत हे एक व्होल्ट कुठे जातं? गंजलेल्या अर्थिंगच्या बोल्टमध्ये, हँडलवरच्या झिजलेल्या डिप्पर स्विचमध्ये, काळ्या पडलेल्या होल्डरमध्ये. शिवाय पावसाळ्यात डूममध्ये पाणी शिरून रिफ्लेक्टरचा मुलामा उडालेला असतो आणि पॉलिकार्बोनेटची काच उन्हाने पिवळी पडलेली असते. अशा गाडीचा मालक नवा बल्ब घ्यायला दुकानात जातो तेव्हा मूळ उजेडातला बराचसा त्याने वाटेतच गमावलेला असतो.

फोकस : सर्वांना मान्य, कोणी न केलेला उपाय

हेडलाइटच्या बाबतीत ज्यावर कुणाचंच दुमत नाही अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे फोकस नीट लावणे. आणि नेमकी तीच कोणी करत नाही. सर्व्हिसिंगच्या यादीत ऑइल, चेन, ब्रेक यांच्या पुढे खुणा होतात. फोकस ‘बघितला’ एवढंच.

पद्धत साधी आहे. सपाट जमीन आणि मोकळी भिंत शोधायची. टायरमध्ये बरोबर हवा. गाडी भिंतीला जवळजवळ टेकवून दिव्याच्या केंद्राच्या उंचीची खूण खडूने भिंतीवर करायची. मग गाडी सरळ मागे न्यायची, दहा मीटर शक्य असेल तर उत्तम, सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाच मिळाले तरी चालतील. नेहमीचा चालक गाडीवर बसलेला हवा. स्टँडवर लावून केलेला फोकस निरुपयोगी, कारण माणूस बसला की मागचा शॉकअप दबतो. आता डिप्परची रेघ खडूच्या खुणेच्या किती खाली आहे ते पाहायचं. सर्वसाधारण शिरस्ता एक टक्क्याचा आहे, म्हणजे दहा मीटरला दहा सेंटिमीटर खाली, पाच मीटरला पाच. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच मानायचा. काही गाड्यांत डूमखाली एक स्क्रू असतो, काहींत बाजूचे दोन बोल्ट ढिले करून सगळा डूमच वर-खाली करावा लागतो. एकूण काम पंधरा मिनिटांचं, खर्च शून्य.

या एका टक्क्याचा अर्थ काय? दिवा जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर धरला तर एक टक्का उताराची रेघ ९० मीटरवर जमिनीला टेकते. तीच दोन टक्के खाली गेली तर ४५ मीटरवर. ताशी ६० किलोमीटरने जाणाऱ्याला अडथळा दिसून, ब्रेक दाबून, थांबायला कोरड्या रस्त्यावरही ५० मीटरच्या आसपास लागतात. ८० च्या वेगाला ७५ च्या आसपास. दिवा खाली गेलेला असेल तर तो माणूस आपल्या उजेडाच्या पलीकडे गाडी हाकत असतो. कोल्हापूर-सांगली-साताऱ्याच्या बाजूला गळीत हंगामात रात्री फिरणाऱ्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. मागे रिफ्लेक्टर नसलेली, टेललाइट नसलेली, उसाने लादलेली ट्रॉली रस्त्याच्या मधोमध उभी असते आणि डिप्परच्या उजेडात ती फार उशिरा दिसते.

दुसरं टोक डबल सीटचं. मागे माणूस बसला आणि मागचा शॉकअप समजा तीन सेंटिमीटर दबला. साध्या गाडीच्या दोन चाकांतलं अंतर सुमारे १२५ सेंटिमीटर. म्हणजे गाडी २.४ टक्के मागे कलली आणि तेवढाच तिचा झोत वर गेला. एक टक्का खाली लावलेला डिप्पर आता १.४ टक्के वर आहे. वीस मीटरवर ही रेघ दिव्याच्या उंचीच्या २८ सेंटिमीटर वर, म्हणजे जमिनीपासून ११८ सेंटिमीटरवर जाते. छोट्या कारमधल्या चालकाचे डोळे त्याच उंचीच्या आसपास असतात. बल्ब कंपनीचाच, डिप्परवरच, तरी समोरचा शिव्या घालतो, आणि आपल्याला कळत नाही का.

कारच्या डॅशबोर्डवर यासाठी एक छोटी चकती असते. मागे माणसं बसली की दिवे खाली करता येतात. दुचाकींत ही सोय विरळाच. बीएमडब्ल्यूच्या काही मोठ्या टूरिंग गाड्यांत हेडलाइटमागे खटका असतो. आपल्याकडची दुचाकी मात्र डबल सीट, कधी ट्रिपल सीट, वर टाकीवर लहान मूल अशी चालते, आणि तिचा दिवा एकट्या माणसासाठी लावलेला असतो. त्यातल्या त्यात उपाय शॉकअपचा आहे. मागच्या शॉकअपला खाचांचा कप असतो. नेहमी डबल सीट फिरणाऱ्याने तो एक-दोन खाचा कडक करून मग फोकस लावावा. हे सांगणारे मेकॅनिक आहेत, पण थोडे.

वळणावरचा प्रश्न आणखी निराळा. दुचाकी वळताना झुकते आणि तिच्याबरोबर उजेडाची रेघही झुकते. डाव्या वळणावर डावी बाजू खाली जाते, म्हणजे जिकडे वळायचं तिकडे अंधार. उजवी बाजू वर उठते, म्हणजे समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत. बीएमडब्ल्यूने २०११ च्या के १६०० मध्ये झुकण्याचा हिशेब ठेवून झोत सरळ करणारा दिवा दिला, केटीएमने पुढे वळणाच्या बाजूला जास्तीचे एलईडी पेटवण्याची युक्ती आणली. आंबोलीच्या घाटात रोज दूध घालायला जाणाऱ्याच्या गाडीला यातलं काही मिळायला अजून बराच काळ आहे.

जास्त उजेडाचे चार मार्ग

आता मुख्य वाद. फोकस लावून, काच पुसूनही उजेड कमीच वाटला तर काय करावं? इथे चार मतं आहेत, आणि प्रत्येकाच्या मागे अनुभव आहे.

पहिलं मत जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनांचं : आधी वायरिंग. बॅटरीवर चालणाऱ्या गाडीत रिले घालून हेडलाइटला जाड वायरने थेट बॅटरीतून करंट द्यायचा. हँडलवरचा स्विच फक्त रिलेला हुकूम देतो. हरवलेलं व्होल्ट परत मिळतं आणि तोच बल्ब वेगळा दिसू लागतो. याच मार्गावर पुढे गेलेले ३५ वॉटच्या जागी ६०/५५ बसवतात, काही १००/९० पर्यंत जातात. यात एक गोष्ट चांगली आहे : फिलामेंट जवळपास त्याच जागी राहत असल्यामुळे झोताचा आकार फारसा बिघडत नाही. वाईट गोष्टी बऱ्याच. ९० वॉट म्हणजे साडेसात अँपिअर. रिलेशिवाय लावला तर स्विच आणि होल्डर वितळतात. प्लॅस्टिकचा रिफ्लेक्टर उष्णतेने काळवंडतो. लहान गाडीची कॉइल एवढी वीज पुरवू शकत नाही आणि बॅटरी हळूहळू उतरत जाते. एचएस१ आणि एच४ यांच्या कडीच्या खाचांत थोडा फरक असतो, तो कानशीने ‘जमवून’ घेतात. तिथेच बल्ब वाकडा बसतो.

दुसरं मत सध्या बाजारात सर्वांत जोरात आहे : त्याच डूममध्ये एलईडी बल्ब. पुण्यात नाना पेठेत, दिल्लीत करोल बागेत, किंवा तालुक्याच्या गावातल्या ॲक्सेसरीजच्या दुकानात, काउंटरवर हे डबे रचलेले असतात आणि डब्यावर लुमेनचे भलेमोठे आकडे. बाजू घेणाऱ्यांचं म्हणणं रास्त आहे : वीज कमी खातो, बॅटरीवर ताण नाही, पांढरा उजेड, पाच मिनिटांत बसतो. काही चांगल्या बल्बांत चिप फिलामेंटच्या जागीच बसवून खाली वाटीची नक्कलही केलेली असते. विरोधकांचं म्हणणं, नक्कल ती नक्कलच. चिप सपाट असते आणि तिचा उजेड दोन बाजूंना जातो. फिलामेंटचा सगळीकडे सारखा जातो. चिप डावी-उजवीकडे बसायला हव्यात. पट्टी फिरून त्या वर-खाली झाल्या की रेघ नाहीशीच होते. मागचा पंखा आणि हीटसिंक यांमुळे डूमचं रबरी बूट बसत नाही, मग धूळ-पाणी आत. आणि एसीवर चालणाऱ्या गाडीत असा बल्ब लुकलुकतो किंवा जळतो.

माझ्या मते यातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा काउंटरवर कधीच निघत नाही. लुमेन म्हणजे बल्बमधून निघणारा एकूण उजेड. रस्त्यावर कुठे किती पडतो हे लक्समध्ये मोजतात. खराब बसलेला एलईडी गाडीच्या पुढचे दहा मीटर पांढरेशुभ्र करून टाकतो. चालकाला वाटतं, काय उजेड पडतोय! पण जवळचा रस्ता लख्ख झाला की डोळ्याची बाहुली आकसते आणि साठ मीटरवरचा खड्डा आधीपेक्षाही कमी दिसतो. समाधान वाढतं, दृष्टी घटते. याआधी २०१० च्या आसपास एचआयडीच्या, म्हणजे झेनॉन दिव्यांच्या, किटांची जी लाट आली होती तिचंही हेच झालं. युरोपच्या नियमांत कारमध्ये २,००० लुमेनपेक्षा जास्तीचा दिवा लावायचा तर तो आपोआप खाली-वर होणारा आणि काच धुणारा असावा लागतो. तसाच एचआयडी दिवा आपण हॅलोजनच्या डूममध्ये, लेव्हलिंगशिवाय, डबल सीट गाडीवर लावत होतो.

तिसरं मत टूरिंगवाल्यांचं : मूळ हेडलाइटला हात लावू नका, वेगळे दिवे जोडा. लेहला जाणाऱ्या बुलेटवर किंवा हिमालयनवर लेगगार्डला एचजेजीसारख्या छोट्या दिव्यांची जोडी आणि वेगळा स्विच आता इतकी नेहमीची झाली आहे की दिवे नसलेली गाडी वेगळी दिसते. तत्त्वतः हा मार्ग सर्वांत शुद्ध. हेडलाइटचा झोत शाबूत राहतो, जास्तीचा उजेड हवा तेव्हाच, समोर कोणी नसताना. व्यवहारात हे दिवे लेगगार्डवर अंदाजाने बसवलेले असतात, खड्ड्यांनी हळूहळू वर होत जातात, आणि शहरात शिरल्यावर बंद करायचे राहून जातात. ‘फॉग’ या नावाने विकले जाणारे कितीतरी दिवे फॉगचे नसतातच; धुक्यासाठी खाली बसवलेला, वर स्पष्ट रेघ असलेला रुंद झोत लागतो, हे लांब फेकणारे असतात.

चौथं मत कंपन्यांच्या इंजिनिअरांचं आणि काही जुन्या, सावध चालकांचं : गाडी जशी आली तशीच ठेवा, गती उजेडाला धरून ठेवा. ऐकायला नीरस, पण यामागे मोजमाप आहे. दिव्याला मान्यता देताना २५ मीटरवरच्या पडद्यावर ठरावीक बिंदूंपाशी उजेड मोजतात : इथे किमान एवढा हवा, इथे कमाल एवढाच चालेल. पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेत ही कामं चालतात. बल्ब बदलला की त्या मोजमापाला अर्थ उरत नाही. या मताची कमकुवत बाजू अशी की मान्यता मिळालेला ३५ वॉटचा दिवा खेड्यातल्या दिवे नसलेल्या रस्त्यावर पुरतो, असं त्याचा कट्टर समर्थकही छातीठोकपणे म्हणत नाही.

पांढरा की पिवळा

या वादाला जेवढी जागा मिळते तेवढी त्याची लायकी नाही. हॅलोजनचा उजेड ३,२०० केल्व्हिनच्या आसपासचा, पिवळसर. बाजारातला एलईडी ६,००० किंवा त्याहून वर, निळसर पांढरा. धुक्यात पिवळा चांगला ही समजूत पक्की आहे. फ्रान्सने १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९९३ पर्यंत पिवळे हेडलाइट सक्तीचे ठेवले होते. पण धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने खूप मोठे असतात, त्यामुळे ते सर्व रंग जवळपास सारखेच विखुरतात. धुक्यात खरा फरक दिव्याची उंची आणि झोताची वरची रेघ यांनी पडतो. निळसर उजेड डोळ्यांना जास्त खुपतो ही तक्रार मात्र खरी आहे, विशेषतः उतारवयातल्या चालकांची. आणि पावसाळ्यात ओला डांबरी रस्ता आपला उजेड पुढे सरकवून देतो आणि समोरच्याचा आपल्या डोळ्यांत आणतो. तिथे रंग कोणताही असो, चरे पडलेला हेल्मेटचा व्हायझर आधी बदलावा.

कायद्याची बाजू

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०६ दिपवण्याबद्दल आहे. दिव्याचा झोत कायमचा खाली असावा किंवा खाली करता यावा, इतका की दिव्यापासून आठ मीटरवर, उजव्या बाजूला अर्धा मीटर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवणार नाही. नियमाचा हेतू चोख आहे, पण गणित करून पाहण्यासारखं आहे. ९० सेंटिमीटरवरच्या दिव्याचा झोत आठ मीटरवर दीड मीटर उंची गाठायला ७.५ टक्के वर जावा लागतो. वरच्या उदाहरणातली डबल सीट गाडी, जिचा झोत वीस मीटरवर कारवाल्याच्या डोळ्यांत जातो, ती या बिंदूपाशी सहज सुटते. नव्या गाडीच्या मान्यतेचे निकष याहून खूप कडक आहेत. प्रश्न रस्त्यावर आल्यानंतरचा आहे.

बदलांबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये, केरळमधून आलेल्या प्रकरणात, उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत असं म्हटलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं आणि बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरली. बल्ब बदलणं हा ‘बदल’ की देखभाल? ३५ च्या जागी ३५ चा बल्ब, यावर वाद नाही. हॅलोजनच्या जागी एलईडी घातला तर कडक वाचन करणारे बदल म्हणतात. विकणारे म्हणतात की बल्ब हा झिजणारा भाग आहे. रस्त्यावरचा पोलीस बहुतेक वेळा या खोलात न जाता कलम १७७ चा सर्वसाधारण दंड लावतो, पहिल्यांदा ५०० रुपये. जुलै २०२४ पासून कर्नाटक पोलिसांनी प्रखर एलईडी दिव्यांविरुद्ध मोहीम उघडली, तीही याच कलमाखाली.

जर्मनीने वेगळा मार्ग काढला. २०२० च्या शरद ऋतूत तिथल्या वाहन प्राधिकरणाने ऑसरामच्या एच७ आकाराच्या एलईडी बल्बला मान्यता दिली, पण सरसकट नाही. ज्या ज्या मॉडेलच्या दिव्यात तो बल्ब तपासून झाला त्यांची यादी निघाली आणि मान्यता त्या यादीपुरतीच राहिली. म्हणजे एकट्या बल्बला पासाचा शिक्का नाही, बल्ब आणि दिव्याच्या जोडीला आहे. आपल्याकडे दुरुस्तीच्या बाजारातल्या बल्बसाठी अशी यादी नाही. त्यामुळे जपून केलेला चांगला बदल आणि दीडशे रुपयांचा आंधळा बल्ब कायद्याच्या नजरेत एकच ठरतात, आणि चांगलं करणाऱ्याला चांगलं करण्याचं कारण उरत नाही.

काय सुटलेलं नाही

खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. या पंधरा वर्षांत तिचा धूर पीयूसीच्या निमित्ताने पुन्हा पुन्हा मोजला जातो. तिचा दिवा एकदाही नाही. व्यावसायिक वाहनांच्या फिटनेस तपासणीत हेडलाइट तपासतात, नव्या स्वयंचलित तपासणी केंद्रांत त्याचं यंत्रही असतं. पीयूसीच्या टपरीवर भिंतीवर एक पट्टी मारून डिप्परची रेघ पाहणं अशक्य नाही. विरोध करणारे विचारतात, की कागद करण्यापुरतीच जी तपासणी होते तिच्यात आणखी एक रकाना वाढवून काय साधणार? प्रश्न योग्य आहे. पण दिवा वर गेलेला आहे हे मालकाला सांगणारं सध्या कुणीच नाही, फक्त समोरून येणाऱ्याचे अप्पर-डिप्पर सोडले तर.

दुसरा प्रश्न कंपन्यांना आहे. डबल सीट ही इथली अपवादाची स्थिती नसून नेहमीची आहे. तरी लेव्हलिंगचा एक साधा खटका, जो हँडलवरून दोन टक्के झोत खाली करेल, कुठल्याच सर्वसाधारण गाडीत नाही. खर्च वाढेल म्हणतात; एलईडीच्या सजावटीच्या पट्ट्यांना मात्र खर्च परवडतो. मूळ एलईडी दिव्यांबद्दलही एकमत नाही. कंपनीचा एलईडी म्हणजे चांगलाच, असा समज आहे, पण डिप्परचा रुंदपणा, वळणावरचा उजेड आणि अप्परची फेक यांत गाडीगाडीत मोठा फरक पडतो, आणि गाडी घेताना हे तपासायची सोय शोरूममध्ये नसते. मायलेज आणि बूट-स्पेसचे आकडे माहितीपत्रकात असतात, दिवा किती मीटरवर किती लक्स देतो याचा नसतो.

आणि एलईडीचा शेवटचा हिशेब अजून यायचाच आहे. हॅलोजनचा बल्ब गेला की रस्त्याकडेच्या दुकानात शंभर-दीडशे रुपयांत मिळतो आणि चालक स्वतः बदलतो. मूळ एलईडीच्या कितीतरी डूममध्ये चिप वेगळी निघत नाही. ती गेली तर सगळा डूम बदलावा लागतो, त्याची किंमत काही हजारांत जाते, आणि जुन्या मॉडेलचा डूम कंपनीकडे नसेल तर मालक पुन्हा बाजारातल्या त्याच डब्यांकडे वळणार. २०१८ च्या आसपास विकल्या गेलेल्या पहिल्या एलईडी गाड्या आता त्या वयाला येऊ लागल्या आहेत.